आधी नोंद, मग तक्रार

मीटर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव पेन्शनच्या कागदापुरतं उरलं होतं. वीज कंपनीत त्याने आयुष्यभर लोकांच्या घरचे मीटर वाचले, म्हणून तो मीटर. जिन्याखाली, दाराआड, माळ्यावर, जिथे कुठे तो काळा डबा असेल तिथे मान वाकडी करून आकडा टिपायचा आणि चालू लागायचं. मागून कोणी ओरडलंच, ‘अहो, आम्ही महिनाभर घरातच नव्हतो, मग इतके युनिट कसे?’ तर हा मागे न वळता म्हणायचा, ‘आधी नोंद, मग तक्रार.’ नाकातून म्हणायचा. शेवटचा ‘र’ असा ताणायचा, की ऐकणाऱ्याला आपलं बोट कोणीतरी दाराच्या फटीत हळूहळू चेमटवतंय असं वाटावं.

नोकरी सुटली, वाक्य सुटलं नाही. आमटी खारट झाली म्हणा, छत गळतंय म्हणा, मुलगी एकदा तापाने फणफणली होती तेव्हासुद्धा, थर्मामीटर लावून आकडा पाहून झाल्याशिवाय त्याने डॉक्टरला फोन करू दिला नव्हता. आधी नोंद, मग तक्रार.

त्याच्या बायकोला सगळे काकू म्हणत. काकूंची निम्मी हयात लाँड्रीच्या काउंटरवर गेली. कपडा आला की नंबराची चिंधी टाचायची, पावती फाडायची, पावती आली की कपडा द्यायचा. ‘कपडा हरवत नसतो,’ त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या, ‘तो फक्त दुसऱ्याच्या अंगावर असतो.’ गिऱ्हाईक हसायचं. काकू हसायच्या नाहीत, कारण ते खरं होतं.

आणि पुस्तकं होती. घराला पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागची खोली, त्यातली मागची खोली पुस्तकांनी गिळलेली. मीटरने ती कुठून आणली हे सांगायला नको, तरी सांगायला मजा येते. ज्या घरातलं म्हातारं माणूस गेलं, त्या घरी पुढच्या महिन्याचं रीडिंग घ्यायला हा आठवडाभर आधीच हजर. चेहरा पाडून उभा. ‘फार वाचायचे हो आजोबा. आता या पुस्तकांचं काय करणार? वाळवी फार वाईट.’ वाळवीचं नाव निघालं की घरचे घाबरायचे आणि खोकी दारात यायची. वाळवी सायकलवर बसून खोकी घेऊन जायची.

वाचायचा म्हणाल, तर पहिलं पान आणि शेवटचं पान. मधलं जसंच्या तसं राहावं अशी त्याची इच्छा. उसनं तर त्याने बापजन्मात कोणाला दिलं नाही. शेजारचे मास्तर बुद्धिबळाचं पुस्तक मागून मागून थकले. त्यांना हा म्हणे, ‘वाचा की इथेच. उभ्याने.’ मास्तर एकदा खरोखरच उभ्याने वाचायला लागले, तर याने पाचव्या मिनिटाला दिवा घालवला.

इथपर्यंत सगळं चालून गेलं असतं. काकूंनी चालवूनही घेतलं होतं. पण मग अक्का पडली.

अक्का म्हणजे काकूंची थोरली बहीण. आईच्या मागे काकूंना हिनेच वाढवलं. पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि चालणं गेलं. मुलाने तिची खाट घरात शिरल्या शिरल्या लागणाऱ्या पॅसेजमध्ये टाकली. उशाशी चपलांचं कपाट. येणारा जाणारा अक्काच्या डोक्याशी वाकून बूट काढायचा, तेव्हा अक्का विचारायची, ‘मोजे धुतलेत का?’ तोंडाने अजून धडधाकट होती.

तिचा मुलगा, म्हणजे काकूंचा भाचा, बोलायला लागला की फोनमधून पाक गळायचा. ‘मावशीऽ, आमचं काऽही म्हणणं नाही हं. आई आहे ती माझी. पण हिचे गुडघे, पोरांच्या परीक्षा, आणि आई रात्रीची हाका मारते ना. तुमच्याकडे ती मागची खोली आहे नाऽ, पुस्तकांची?’

काकूंनी त्याच दिवशी जेवताना विषय काढला.

‘अक्काला आणावं म्हणते. मागच्या खोलीत.’

‘आणि पुस्तकं? डोक्यावर घेऊ?’

‘निम्मी तरी काढा. एक खाट मावली की झालं. मी बघीन तिचं सगळं.’

मीटर ‘नाही’ म्हणाला असता तर काकूंना भांडता आलं असतं. पण तो नाही म्हणणाऱ्यातला नव्हताच. त्याने भात कालवला, एक घास नीट चावून गिळला आणि म्हणाला, ‘त्यात बरीच दुबार आहेत. एकदा सगळ्यांची नोंद झाली, की दुबार काढून टाकू. भिंतच्या भिंत मोकळी होईल. त्या भिंतीला लाव खाट.’

काकूंना ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्या डोक्याकडून वर होणारी लोखंडी खाट घेऊनही आल्या आणि घडी घालून ती मागच्या खोलीच्या दाराशी उभी करून ठेवली. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

दुसऱ्या गावी असलेल्या मुलीने फोनमध्ये पुस्तकांच्या नोंदीचं अ‍ॅप घालून दिलं. ‘सोप्पं आहे बाबा. पाठीवरचे काळे पट्टे कॅमेऱ्याला दाखवायचे, की नाव, लेखक, सगळं आपोआप येतं. पट्टे नसले तर टाईप करायचं.’ मीटरला ते फार आवडलं. एकच घोडं अडलं. लोखंडी पेट्या उघडून उघडून त्याच्या बोटांची कातडी अशी राठ झाली होती, की फोनच्या काचेला ते बोट वाटेचना. तो दाबायचा, काच ढिम्म. अंगठा लावला, ढिम्म. जिभेने ओला करून लावला, तर फोनने भलत्याच कोणाला तरी व्हिडिओ कॉल लावला.

‘तू कर,’ तो म्हणाला. ‘मी सांगतो.’

म्हणजे पुस्तक हातात घेणार तो, त्यावरची धूळ फुंकणार तो (काकूंच्या तोंडावर), आणि बडवणार काकू. झालेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर नंबराची चिकटपट्टी लावायची. काकूंना ते जड नव्हतं, चिंध्या टाचण्यात जन्म गेलेला. त्या दुपारची झोप सोडून बसत. मनात एकच हिशेब, हा कप्पा झाला, तो झाला, की अक्का आली.

अ‍ॅप मराठीत बोलायचं, पण कचेरीतल्या मराठीत. दीपस्तंभांवरच्या एका जाडजूड पुस्तकाची दुसरी प्रत दाखवल्यावर पडद्यावर उमटलं: ‘सदर पुस्तक आपल्या संग्रहात पूर्वीपासून उपलब्ध आहे. दुबार नोंद वगळावी काय?’

‘आलं बघा एक,’ काकू म्हणाल्या. त्यांना खाटेचा एक पाय जमिनीला टेकलेला दिसला.

‘नाही दाब.’

‘अहो, एकच आहे. चित्रसुद्धा तेच.’

‘याच्यावर किंमत छापलीय, त्याच्यावर चिठ्ठी डकवलीय. दोन वेगळी पुस्तकं.’

‘आणि आत?’

‘आतलं कोण बघतंय?’

काकूंनी ‘नाही’ दाबलं. पुढचं दुबार आलं, त्याच्या एका प्रतीवर चहाचा डाग होता. त्यापुढच्याचा वास वेगळा होता. एका शब्दकोशाच्या तीन प्रती निघाल्या. त्यातली एक जाड होती, एक पातळ आणि तिसरी ‘मधली’. काकू म्हणाल्या, अहो, शब्द तरी तेच असतील ना. तर हा म्हणतो, ‘तुला जुळी झाली असती, तर एक टाकून दिलं असतंस का?’

‘जुळी मोठी होतात आणि घराबाहेर जातात,’ काकू म्हणाल्या आणि ‘नाही’ दाबलं.

संध्याकाळी अक्काचा फोन यायचा.

‘काय गं धाकटे, कुठवर आलं माझं विमान?’

‘दुसरी भिंत चालू आहे, अक्का.’

‘किती काढली?’

काकू फोन या कानाचा त्या कानाला लावायच्या.

‘अगं, मलाही एक नंबर चिकटव,’ अक्का म्हणायची. ‘पाठीवर नको. पाठीला जागा राहिली नाही, सालटी निघालीत. कपाळावर लाव. म्हणावं, ही दुबार नाही, एकुलती एक प्रत आहे, जरा फाटलीय.’ आणि स्वतःच हसायची, आणि हसता हसता मागून सुनेचा आवाज, ‘आईऽ, हळूऽ, अभ्यास चाललाय.’

काकू एकदा जाऊन बघून आल्या. अक्का वाळून अर्धी झाली होती. त्या बसल्या असतानाच भाच्याचे कोणी पाहुणे आले, त्यांनी चिखलाचे बूट काढून नेमके उशाला टेकवले आणि खाटेकडे बघत, खाटेवर जुने कपडे ठेवले असावेत तसे, आत गेले. काकूंनी बूट उचलून दाराबाहेर ठेवले. ‘राहू दे गं,’ अक्का म्हणाली. ‘तेवढीच सोबत.’

घरी येऊन त्यांनी मीटरला सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘ह्म्. आधी नोंद.’ त्या रडवेल्या झाल्या होत्या, तरी चष्मा पुसून फोन घेऊन बसल्या. भांडल्या नाहीत. हे पुढे त्यांना स्वतःला फार लागलं, पण पुढे.

याच सुमाराला मीटरला नवा छंद लागला. अ‍ॅपमध्ये प्रत्येक पुस्तकाखाली शेऱ्याची जागा होती. मासेमारीवरचं पुस्तक हातात आलं आणि तो एकटाच खुदखुदायला लागला.

‘हे दातांच्या डॉक्टरने मागितलं होतं. लिही. शेऱ्यात लिही. दातांच्या डॉक्टरांनी मागितलं, दिलं नाही.’

‘हे कशाला लिहायचं?’

‘लिही गं.’

मग काय, नुसती लाट आली. पुस्तकात काय आहे हे त्याला सांगता येत नव्हतं, पण ते कोणी मागितलं, कुठे उभं राहून मागितलं, मागताना तोंड कसं केलं, सगळं तोंडपाठ. आवाज काढून दाखवायचा. ‘काका, दोनच दिवस हो, आईशप्पथ परत देतो.’ बुद्धिबळाच्या पुस्तकाखाली मास्तरांच्या नावाच्या इतक्या ओळी झाल्या, की जागा संपली. काकूंनी लग्न झाल्यापासून त्याला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. लोक प्रवासाचे फोटो जपतात, याने नकार जपले होते.

एक आकाशातल्या ताऱ्यांचं होतं, मोठ्या नकाशांचं. त्याने ते हातात धरून डोळे मिटले. ‘औषधाच्या दुकानातली बाई. नवरा अंथरुणावर होता, त्याला तारे बघायचा नाद. म्हणाली, खिडकीतून दिसतात तेवढे तरी ओळखू दे त्याला. लिही, दिलं नाही.’

‘तो गेला ना हो पुढे?’

‘गेला तर,’ मीटर म्हणाला. ‘म्हणजे बघ, दिलं असतं तर परत कोणाकडे मागायला गेलो असतो?’

काकूंनी लिहिलं. औषधाच्या दुकानातली बाई. दिलं नाही. त्यांचा अंगठा काचेवर जरा वेळ तसाच राहिला.

शेवटचा कप्पा झाला त्या दुपारी काकूंनी खोली झाडली, ओल्या फडक्याने पुसली, खाट उघडून बघितली, कुरकुरत होती म्हणून बिजागरीला तेल सोडलं. दुबार किती निघाली म्हणाल तर एकही नाही. तरी त्यांनी डोळ्यांनी मापून ठेवलं होतं. खिडकीखालचे दोन ढीग पुढच्या खोलीत घेतले, तर खाट आडवी बसत होती.

‘झालं बाई एकदाचं,’ त्या म्हणाल्या. ‘उद्या अक्काला घेऊन येते.’

‘झालं कुठे? उंची राहिली.’

‘कसली उंची?’

‘पुस्तकांची. अ‍ॅपमध्ये उंची, रुंदी, जाडी अशा तीन जागा रिकाम्या आहेत. मापं असल्याशिवाय कुठलं कुठे मावेल ते कळणार कसं? फूटपट्टी आण.’

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात. इथे नकटी पॅसेजमध्ये पडून होती आणि विघ्न फूटपट्टी मागत होतं. काकू फूटपट्टी आणायला म्हणून आत गेल्या, तेवढ्यात फोन वाजला. भाचा होता. आवाजात पाक तोच, जरा पातळ केलेला.

‘मावशी, आई गेली. सकाळी कोणाच्या लक्षातच आलं नाही बघा, सगळ्यांची कामावर जायची गडबड.’ मग थोडं थांबून, ‘आणि मावशी, त्या खोलीचं आता... तुम्ही घाई करू नका हं. सावकाश होऊ दे.’ सुंठीवाचून खोकला गेल्याचा सुटकेचा श्वास फोनमधून काकूंच्या कानाला लागला, गरम.

त्या बाहेर आल्या. मीटर पुस्तक मांडीवर धरून बसला होता.

‘अक्का गेली,’ काकू म्हणाल्या.

मीटरने मान खाली घातली. तेवढं कळत होतं त्याला. मांडीवरचं पुस्तक मिटून तो म्हणाला, ‘चांगली होती. सुटली बिचारी.’ आणि मग, माणूस समजूत घालताना घालतो तशा मऊ आवाजात, ‘आता घाई नाही तर मग उंची मोजूनच घेऊ. काय?’

काकूंनी फूटपट्टी त्याच्या हातात दिली. त्या अक्काला पोचवून आल्या आणि मग खरंच मोजायला बसल्या. उंची, रुंदी, जाडी. मीटरला वाटलं, दुःखाने मवाळ झाली. त्याला मीटरखेरीज दुसरं काही वाचताच यायचं नाही.

मग त्याच्या डोळ्याचं निघालं. मोतीबिंदू दोन्हीकडे, एक पिकलेला, दुसरा पिकत आलेला. पिकलेल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई कडक होत्या. ‘वाकायचं नाही. उचलायचं नाही. आणि धूळ, आजोबा, धूळ अजिबात नाही. सगळी पुस्तकं कुठल्या खोलीत आहेत म्हणालात? त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.’ मीटर पुढच्या खोलीत पलंगावर, एका डोळ्यावर पट्टी, वरून काळा चष्मा, उघड्या डोळ्याला माणूस आणि पडदा सारखेच दिसतायत.

काकूंनी फोन उघडला. शेरे काढले. सगळी नावं तिथेच होती. नवऱ्याने स्वतः सांगितलेली, ओळीने, कोणाला काय हवं होतं त्यासकट. आणि प्रत्येक पुस्तकाखाली आणखी एक जागा होती, जिच्याकडे मीटरने आजवर ढुंकून पाहिलं नव्हतं: ‘उसने दिले: कोणास. परतीची मुदत.’

पहिले दातांचे डॉक्टर आले.

‘कोण गं?’ मीटरने विचारलं.

‘डॉक्टर आलेत. तुमच्या डोळ्याची चौकशी करायला.’

‘कसं काय, काका?’ डॉक्टर म्हणाले. ‘दिसतंय का काही?’

‘धूसर दिसतंय.’

‘छान,’ डॉक्टर म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले.

मग मास्तर आले. मग लाँड्रीचे मालक टेम्पो घेऊन आले, डोळ्याचीच चौकशी करायला. काकूंचं म्हणणं सोपं होतं. एक मागितलं होतंत ना, दहा न्या, नोंद करून न्या. दुबार असतील तर दोन्ही न्या, ती वेगळी पुस्तकं आहेत. ज्या घरांतून मीटरने ‘वाळवी फार वाईट’ म्हणून खोकी उचलली होती, त्या घरांनाही निरोप गेले. उरलेली लाँड्रीच्या काउंटरवर. इस्त्रीचा शर्ट घेतला की त्याबरोबर एक पुस्तक, पुठ्ठ्याला पावती टाचून. काकू दारात उभ्या राहून अंगठ्याने बडवत होत्या. कोणास. मुदत.

मीटर पलंगावर बसून चरणस्पर्श असल्यासारखी सगळ्यांची चौकशी स्वीकारत होता.

‘बघितलंस?’ तो म्हणाला. ‘मला वाटायचं, लोक मला पाण्यात बघतात. रीघ लागलीय.’

‘माणसं जोडलीत तुम्ही,’ काकू म्हणाल्या.

‘आणि जाताना हातात काय असतं गं त्यांच्या? गाठोड्यासारखं?’

‘रिकाम्या हाताने येतं का कोणी? फळं आणतात, पिशवी परत नेतात.’

‘मला एक केळंसुद्धा मिळालं नाही.’

‘धूळ असते फळांवर.’

सगळ्यात शेवटी औषधाच्या दुकानातली बाई आली. तिने त्याची चौकशी केली नाही. पुढच्या खोलीत नुसती उभी राहिली, त्याच्याकडे बघत. त्याला वाटलं पडदा आहे. ताऱ्यांचं पुस्तक छातीशी धरून ती गेली.

पट्टी निघाली, नजर स्वच्छ आली. डॉक्टरीणबाईंनी मुभा दिली त्या सकाळी मीटर चहासुद्धा न घेता मागच्या खोलीत गेला. काकू भाजी चिरत होत्या, त्यांनी सुरी खाली ठेवली नाही.

‘अगं,’ आतून आवाज आला, बारीक. ‘अगं ऐकलंस का. चोरी झालीय.’

‘चोरी कसली? सगळ्याची नोंद आहे.’ काकूंनी फोन आणून त्याच्या नव्या डोळ्यापुढे धरला. ‘हे बघा. नाव, लेखक, उंची, रुंदी, जाडी, शेरा, कोणास. एक हरवलेलं नाही. ती फक्त दुसऱ्याकडे आहेत.’

त्याने काचेवर बोट मारलं. पुढचं पान उघडेना. पुन्हा मारलं. काच ढिम्म.

चप्पल उलटीसुलटी घालून तो बाहेर पडला. काकूही मागोमाग निघाल्या, जरा अंतर ठेवून. हे त्यांना ऐकायचं होतं.

दातांच्या डॉक्टरांनी त्याला आदराने खुर्चीत बसवलं, खुर्ची मागे पाडली, तोंडात आरसा घातला आणि विचारलं, ‘हं, बोला काका, कुठलं पुस्तक?’

‘आआ,’ मीटर म्हणाला.

‘मासेमारीचं? वाचतोय की. रोज अर्धं पान. मध्येच काढून घेतलं तर मासा अर्धवट राहील.’ आणि वाकून, नाकातून, ‘र’ लांबवत, ‘आधी नोंद, काका, मग तक्राऽर.’ कंपाउंडरला इतकं हसू आलं, की ते लपवायला त्याने नळ सोडला.

मास्तर पटासमोर बसले होते. ‘या की. बुद्धिबळाचं ना? वाचा ना इथेच. उभ्याने.’ मीटर खरोखर पुस्तकाकडे हात न्यायला लागला तसा मास्तरांनी हात लांब करून पंख्याचं, मग दिव्याचं बटण बंद केलं.

दीपस्तंभांचं पुस्तक, दोन्ही प्रती, एका घराच्या जिन्याखाली सापडल्या. विजेच्या मीटरच्या डब्याखाली टेकण म्हणून लावल्या होत्या. ‘एकीची उंची पुरेना हो,’ घरमालकीण म्हणाली. ‘जुळी होती म्हणून बरं.’

औषधाच्या दुकानात शिरून तो काउंटरशी उभा राहिला. बाईने आधीच्या गिऱ्हाइकाला गोळ्या दिल्या, सुटे परत केले, मग याच्याकडे बघितलं.

‘ते... ताऱ्यांचं...’

‘नवऱ्याकडे आहे,’ ती म्हणाली. ‘त्याचं वाचून झालं की देते.’

काकू दारात होत्या. इथे त्यांनाही पुढे ऐकवेना. त्या आधी घरी आल्या.

तो दिवेलागणीला परतला, हात हलवत. पुढच्या खोलीतल्या पलंगावर त्याची उशी नव्हती, चादर नव्हती. मागच्या खोलीत मोकळ्या भिंतीला लोखंडी खाट लावलेली होती, डोकं वर केलेलं. त्याचं अंथरूण तिच्यावर होतं. उशाशी काकूंनी बाहेरच्या दारातलं चपलांचं कपाट आणून ठेवलं होतं.

‘हे काय?’ तो म्हणाला.

‘खाट अक्कासाठी घेतली होती. वाया कशाला घालवायची.’

‘पण हे कपाट?’

‘सोबत,’ काकू म्हणाल्या.

तो खाटेवर बसला. खाट कुरकुरली नाही, तेल घातलेलं होतं. समोर रिकामे कप्पे, धुळीत पुस्तकांच्या चौकोनी खुणा. मान वाकडी करून तो त्या खुणा वाचायला लागला, सवयीने, डावीकडून उजवीकडे. तेवढ्यात काकूंच्या हातातला फोन टिणकला.

‘काय आलं?’ त्याने झटकन विचारलं.

‘मासेमारीची मुदत संपली. परत मागवावे काय, म्हणतंय.’

‘मग मागव की.’

काकूंनी अंगठ्याने काहीतरी दाबलं. दारातच त्यांनी पायातल्या चपला काढल्या, आत येऊन त्याच्या उशाशी, कपाटाच्या वरच्या फळीत ठेवल्या.

‘मुदत वाढवली,’ त्या म्हणाल्या.

‘कधीपर्यंत?’

‘त्याची नोंद नाही,’ काकू म्हणाल्या, आणि जाताना दिवा घालवून गेल्या.